साहेबांचा खाऊ

३ मार्च, सोमवार

गाजर नापास. साहेबांनी तुकडा तोंडात घेतला, अलगद माझ्या बुटावर ठेवला आणि सांडलवंड मीच केल्यासारखं माझ्याकडे बघितलं. ताई हसून हसून शिलाई मशीनवर डोकं टेकून बसली. नाव तिनेच ठेवलंय. कुत्र्याचं पिल्लू जेमतेम तीन महिन्यांचं, पण चाल साहेबाची.

हौस म्हणून आणलं, असं तिला सांगितलंय. खरं कारण फक्त इथे लिहितो. ताईला ऐकू येईनासं झालंय. ती मागच्या खोलीत कपडे शिवत बसते आणि गिऱ्हाइकं बेल वाजवून वाजवून परत जातात. बँकेतल्या बाई परवा रस्त्यात म्हणाल्या, "तुमच्या ताईंनी काम बंद केलं का हो?" कानाचं यंत्र आणून दिलं होतं. डोक्यात भांडी पडल्यासारखं वाटतं म्हणून तिने ते कपाटात टाकलं आणि वर मलाच ऐकवलं, "माझे कान ठणठणीत आहेत. तूच तोंडातल्या तोंडात बोलतोस."

म्हणून पिल्लू. बेल वाजली की त्याने जाऊन तिच्या गुडघ्याला नाक लावायचं. एवढंच शिकवायचंय. पण फुकट कोण शिकतो?

५ मार्च

दुकानातली हाडाच्या आकाराची बिस्किटं. आवडली. पण एक खायला इतका वेळ, की संपेपर्यंत ते कशासाठी मिळालं हेच साहेब विसरले.

६ मार्च

चीज. शिकवणी फर्स्ट क्लास!

७ मार्च

पोट बिघडलं. व्हरांडा धुतला. चीज बंद.

८ मार्च, शनिवार

जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी वजन केलं, दात बघितले आणि मग माझी शाळा घेतली. खाऊ मऊ हवा, वासाचा हवा, वाटाण्याएवढाच हवा. चावत बसला की धडा गेला. "आणि जेवढा खाऊ द्याल तेवढं जेवण कमी करा, नाहीतर दोन महिन्यांत पिंप होईल." सोप्या कामाला उकडलेलं अंडं, अवघड कामाला कलेजी. मीठ नको. कांदा, मनुका, चॉकलेट म्हणजे विषच.

मी विचारलं, रोज कलेजीच दिली तर?

"रोज मेजवानी असली तर तिला मेजवानी कोण म्हणेल?"

९ मार्च

ताई बाजारात गेल्यावर कलेजी उकडली. खिशात ठेवली तर साहेब खिशाकडेच बघत बसले, बेल वाजवली तरी मान वळेना. डब्यात घालून डबा उंच फळीवर ठेवला, मग जमलं. बेल, नाक, तुकडा. बेल, नाक, तुकडा. माझी पँट गुडघ्यापाशी ओली होईपर्यंत.

१२ मार्च

छापखान्यात मशीन दिवसभर चालू, डोकं भणभणतंय. कोटाच्या खिशात कलेजीचा एक तुकडा राहून गेला होता. वास कुठून येतोय म्हणून फोरमनने सगळ्यांचे डबे हुंगले. मी त्याच्या जोडीने शोधत होतो.

१५ मार्च, शनिवार

चार दिवस सगळं नीट चाललेलं, आणि परवापासून साहेब ढिम्म. अंड्याकडे पाठ, कलेजी नुसती हुंगतात. आजारी पडलं की काय! जीव टांगणीला. आज जेवताना वाकून बघितलं तर टेबलाखाली ताईचा हात, हातात अंड्याचा घास.

"बिचारं किती आशेने बघतं रे."

"अगं, पोट भरलं तर शिकेल कशाला? तुझ्यासाठीच शिकवतोय ना त्याला!"

बोलून गेलो. ओरडलोच, त्यामुळे स्वच्छ ऐकू गेलं.

"माझ्यासाठी म्हणजे?"

मग सांगितलं सगळं. बेल, गुडघा, बँकेतल्या बाई. ती ताट सरकवून उठली.

१६ मार्च

अबोला. साहेब दोन्ही खोल्यांच्या मधोमध बसून आहेत. मीही डब्याला हात लावला नाही.

१७ मार्च, सोमवार

कामावरून आलो तर ताई दारातच. अंगावर शिवणकामाचा एप्रन आणि त्याला कमरेपाशी नवा कप्पा. आतून मेणकापड लावलेलं, डाग पडू नये म्हणून.

"नाक माझ्या गुडघ्याला लावायचं ना त्याने? मग खाऊ तुझ्या हातून कशाला?"

इतकी साधी गोष्ट! मला सुचली नव्हती.

"आणि कलेजी मी कापणार. तुझे तुकडे म्हणजे नुसते धोंडे."

मला बाहेर पिटाळलं. बेल वाजवली आणि थांबलो. आत काहीच हालचाल नाही. पुन्हा वाजवावी म्हणून हात उचलला, तेवढ्यात दार उघडलं. ताईचा चेहरा लहानपणी पतंग काटल्यावर व्हायचा तसा.

"आला होता मला सांगायला," ती म्हणाली. "जा, परत वाजव."

२२ मार्च, शनिवार

बँकेतल्या बाई कोट घेऊन आल्या. एकाच बेलला दार उघडलं. "या, या, तुमचीच वाट बघत होते," ताई म्हणाली, इतक्या सहज की मला हसू दाबावं लागलं. कोटाचं अस्तर बदलायचंय, शिवाय दोन पडदे.

अंड्यावर भागतंय आता. कलेजी फक्त शेजारचा कुत्रा भुंकत असताना बेल कळली तरच. ताई मशीनवर गुणगुणत होती, पूर्ण बेसूर. घर भरल्यासारखं वाटलं.

३० मार्च, रविवार

ताई दोरे आणायला गेली होती. मी पेपर वाचत पडलो होतो. साहेब आले, माझ्या गुडघ्याला नाक लावलं. "जा रे," म्हटलं. पुन्हा नाक. दाराकडे पळाले, परत आले, पुन्हा नाक. त्यांची समजूत काढावी म्हणून दार उघडलं.

बाहेर ताई. बोट अजून बेलवर.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पर्समधून खाऊचा एक तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"दे त्याला," ती म्हणाली. मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत. "आज तो तुझ्यासाठी आला होता."