पाठ दुखते, तर हार्टवाल्याकडे कशाला?

३ जानेवारी, नाहूर
पाठ अजून धरलेलीच. तुळशीची कुंडी सरकवली तेव्हापासून. शेवटी माझा मुलगा महेश जबरदस्तीने हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. एक्स-रे काढला. एक मणका दबलाय, हाडं ठिसूळ. सत्तरी आली, कबूल. पण मग बाईंनी मणक्यांच्या पुढे बोट ठेवलं. पांढऱ्या तुटक रेघा. "हे हाड नाही, काकू. पोटातली मोठी रक्तवाहिनी. तिच्या भिंतीत कॅल्शियम साठलंय. हार्टच्या डॉक्टरांना दाखवून घ्या."
पाठ दुखते आणि हार्टवाल्याकडे? तो बसतो कुठे, तर त्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर. आलं लक्षात.

५ जाने.
कॅल्शियमच्या गोळ्या बंद. कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं गिळतेय, हाडात काही गेलं नाही, नसेत जाऊन बसलं. महेश विचारतो, "घेतलीस ना गं गोळी?" घेतली म्हणते.
अक्काच्या वेळीही तो असाच पुढे पुढे. माझी मोठी बहीण, कांदिवलीची. खुबा मोडला, महेशने त्याच्या ओळखीच्या हॉस्पिटलात नेलं, ऑपरेशन झालं, आणि घरी यायच्या आदल्या दिवशी हार्ट अटॅकने गेली. तिची लेक वैशाली तेव्हा सगळ्यांसमोर ओरडली, "हाड मोडलेलं माणूस हार्टने कसं मरतं? काहीतरी लपवताहेत." तेव्हापासून महेशशी बोलत नाही. मी तिला गप्प केलं खरं. पण माझ्या मनात तरी दुसरं काय होतं...

९ जाने.
मुलुंडला दुसऱ्या डॉक्टरकडे. शेजारच्या शालूला घेऊन. घरी सांगितलं, साडीला फॉल लावायला जाते. पहिल्या बाई काय म्हणाल्या ते मुद्दाम सांगितलं नाही, नुसती फिल्म दिली. म्हातारा डॉ., बोलणं कमी. त्यानेही तिथेच बोट ठेवलं.
"चालताना पोटरी भरून येते?"
येते. बाजारात मध्येच थांबते, भाजी बघितल्यासारखं करते. मी समजत होते हाडंच. पाय चाचपले त्याने. डाव्या पावलात नाडी नीट लागेना. म्हणाला, पाळी गेल्यावर बायकांची हाडं झिजतात तशा नसाही कडक होत जातात, पुष्कळदा दोन्ही बरोबरच चालतं. गोळ्यांनी झालं का विचारलं. "छातीठोक नाही सांगता येत. पण मनाने बंद करू नका." ह्याला कसं कळलं?
शालू रिक्षात म्हणते, "दोघं एकमेकांना ओळखत असतील काय गं?" मलाही तेच वाटलेलं. पण पाऊल तर माझंच होतं.

१० जाने.
सकाळपासून अक्का डोक्यात. तीही रस्त्यात थांबायची. "वायच थांब गो, पाय भरान इले." आम्ही गुडघ्यांवर ढकलायचो.
वैशालीला फोन केला. अक्काचे जुने एक्स-रे आहेत का?
"आता कशाला, मावशी? महेशदादाने विचारायला सांगितलं?"
त्याला माहीतही नाही म्हटलं. विश्वास बसला नसणार.

१३ जाने.
कांदिवलीला गेले. वैशालीने माळ्यावरून पाकीट काढलं. अक्काची कंबर दुखायची तेव्हाचा एक्स-रे. हातात देईना. "तू नेशील आणि गायब होईल." मग स्वतःच आली डॉक्टरीणबाईंकडे. बाई फिल्म बराच वेळ बघत राहिल्या. "यांनाही होतं. बरंच."
वैशाली फणकारली, "म्हणजे हॉस्पिटलची चूक नाही, असंच ना?"
"ते यावरून नाही सांगता येत. नसा आधीपासून खराब होत्या, एवढंच दिसतंय. ऑपरेशनआधी हार्ट नीट तपासलं होतं का, ते तिथे जाऊन विचारा."
मला वाटलं होतं डॉक्टर डॉक्टरला सांभाळून घेणार. तसं काही झालं नाही.
जिन्यात वैशाली म्हणाली, "तुझ्या मुलाला बरं वाटेल हे ऐकून."

१६ जाने.
महेशला सगळं सांगून टाकलं. गोळ्या, मुलुंड, अक्काची फिल्म. गोळ्यांवरून चिडला. मग म्हणाला, "आई, तुलाही वाटतं ना, माझ्यामुळे मावशी गेली?"
नाही म्हणायला हवं होतं, चटकन. चहा उतू जायला लागला, तो बघायला उठले. परत आले तर तो खाली गेलेला.

१९ जाने.
गोळ्या परत सुरू. उद्या पायांच्या नसांची तपासणी, त्या वरच्या मजल्यावर. करायची ठरवली.
दुपारी वैशालीचा फोन. त्या हॉस्पिटलात जाऊन आली. जुने कागद शोधायला वेळ लागेल म्हणाले.
"लपवताहेत, मावशी." मग जरा वेळाने, "किंवा नसतीलही."
तपासणीचं सांगितलं, तर उद्या बरोबर कोण, विचारलं तिने. महेश, म्हटलं.
"मी पण येते. त्याला सांगू नकोस."
ही भांडायला येतेय की माझ्यासाठी, कळत नाही. महेश बाहेरून विचारतोय, "आई, उद्या दोघांनाच जायचंय ना? की शालूकाकू पण येणार?"