कॉगडिल धारेवरच्या एका जागेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
खासगी दावे उपसमिती, प्रतिनिधिगृह,
वॉशिंग्टन.

अर्जदार : हार्लिस लेडबेटर, राहणार हॅडली, गिरणीचा रस्ता.

विषय : माझी पत्नी ऑर्फा हिला तिच्या आईशेजारी पुरण्याची परवानगी देणारे विधेयक पुन्हा मांडण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कायदे सल्लागारांचे ९ फेब्रुवारी १९७७ चे पत्र.

महोदय,

१. वरील पत्र मिळाले. दफनाचा हक्क मागणारी व्यक्ती विधेयक मांडताना हयात असली पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. ऑर्फा नोव्हेंबरमध्ये वारली, म्हणून तिला पुरण्याची परवानगी देता येत नाही. मी हे पत्र आमच्या पाद्रीबाबांकडून वाचून घेतले, कारण मला वाटले की माझ्याच वाचण्यात काही चुकते आहे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले आणि म्हणाले, "हार्लिस, तुझं काही चुकलं नाही."

२. आपण या जानेवारीत अध्यक्ष झालात, तेव्हा आधीची हकिगत आपल्याला ठाऊक नसेल. ती अशी. १९४३ साली सरकारने धरणासाठी आमचे खोरे घेतले. ऑर्फाच्या वडिलांचे, एझ्रा कॉगडिल यांचे घर आणि मक्याचे शेत पाण्याखाली गेले. डोंगराची कॉगडिल धार उंच असल्याने तिथली दफनभूमी कोरडी राहिली, पण चहूबाजूंचे डोंगर सरकारी हद्दीत गेले. तिथे ऑर्फाची आई आहे, आणि तिचा धाकटा भाऊ एव्हरी, जो चार वर्षांचा असताना घटसर्पाने गेला. आईमागे त्याला ऑर्फानेच वाढवले होते.

३. जमीन खरेदीचे अधिकारी श्री. लाइल ओस्ट्रँडर यांनी एझ्रा कॉगडिल यांना दोन पर्याय दिले. प्रेते उकरून हॅडलीला न्या, नाहीतर इथेच राहू द्या. सासऱ्यांनी विचारले की राहू दिली तर पुढे आम्हांलाही इथे आणून पुरता येईल काय. श्री. ओस्ट्रँडर यांनी तिथेच, माझ्या सासूच्या कबरीपाशी, हॅट काढून सांगितले, "येईल. मी शब्द देतो." सासऱ्यांनी त्याच दुपारी सही केली.

आमच्याकडे कबरीपाशी उघड्या डोक्याने दिलेला शब्द हा शपथेसारखा असतो. त्यावर कागद मागणे म्हणजे समोरच्याला खोटारडा म्हणणे. एझ्रा कॉगडिल यांनी कागद मागितला नाही. ही त्यांची चूक म्हणायची असेल तर म्हणा. आमच्या डोंगरातल्या कोणत्याही माणसाने तीच केली असती.

४. पुढे सासरे वारले तेव्हा सरकारने फाटकाला कुलूप लावून सांगितले की दफनभूमी बंद आहे. कारण विचारल्यावर तलावाचे पाणी खराब होईल असे उत्तर आले. त्याच तलावात सरकारच्या मोटारबोटी तेल सांडत फिरतात. सासरे हॅडलीत परक्या लोकांमध्ये पडून आहेत. ऑर्फाला त्याचा फार त्रास झाला. आपलेही तसेच होऊ नये, एवढेच ती उरलेल्या आयुष्यात सरकारकडे मागत राहिली. न्यायालयाने सांगितले की तोंडी शब्द सरकारला बांधत नाही. एकट्या माणसासाठी कायदा करून दिलासा देण्याचा अधिकार फक्त प्रतिनिधिगृहाला आहे. म्हणून आम्ही आपल्या दारात आलो. हौस म्हणून आलो नाही.

५. विधेयकात एक सेंटही मागितलेला नव्हता. ऑर्फा लेडबेटर हिला तिच्या आईशेजारी पुरावे, एवढेच त्यात होते. ते पुकारले गेले त्या दिवशी आम्ही दोघे वर प्रेक्षकांत बसलो होतो. असल्या विधेयकांना हरकत घेण्यासाठीच नेमलेले सभासद श्री. प्रेसकॉट डेन्विल उठले. ते म्हणाले, "एका हॅटने दफनभूमी उघडणार असेल, तर उद्या देशातली प्रत्येक हॅट दावा घेऊन येईल." सभागृह हसले. विधेयक समितीकडे परत पाठवायला दुसरीही हरकत लागते, ती शेजारच्या गृहस्थांनी पेपरातून मान वर न काढता घेतली. ऑर्फाने मला विचारले, "झालं का? आपल्याला काही विचारणार नाहीत?" मी म्हणालो की नाही विचारणार.

६. श्री. ओस्ट्रँडर यांचे शपथपत्र आपल्या दप्तरी आहे. त्यात ते म्हणतात की मी हॅट काढली हे खरे, परंतु ती उन्हामुळे काढली. त्यात वचन देण्याचा हेतू नव्हता. एझ्रा कॉगडिल यांच्या सहीचा सरकारी कागदही आपल्याच दप्तरी आहे. त्यावर १९ जानेवारी अशी तारीख आहे. कॉगडिल धारेवर जानेवारीत ऊन लागत नाही, थंडीने कान गळून पडतात. हे दोन कागद शेजारी ठेवून पाहण्याचे कष्ट आपल्याकडे कोणीही घेतलेले नाहीत. ज्याच्या डोक्याला जानेवारीत ऊन लागते त्याच्या शपथेवर सरकारचा विश्वास बसतो आणि माझ्या सासऱ्यांच्या कानांवर बसत नाही.

७. दर वर्षी मे महिन्यात एका रविवारी सरकार आम्हांला बोटीने धारेवर नेते. आम्ही गवत खरवडून कबरींवर नव्या मातीचे उंचवटे करतो, कागदी फुले ठेवतो आणि तिथेच चादरी पसरून जेवतो. ऑर्फा फुले वितळलेल्या मेणात बुडवून काढायची, म्हणजे ती पावसात टिकत. गेल्या वर्षी ती इतकी खंगली होती की आम्ही तिला खुर्चीत बसवून वर नेले. जेवणे झाल्यावर ती खुर्चीतून उतरली आणि आई व एव्हरी यांच्या मधल्या गवतावर आडवी झाली. म्हणाली, "पुरते जागा. बाबांनी अंदाजानेच सोडली होती, पण पुरते." सरकारी पहारेकरी धावत आला आणि म्हणाला, "बाई, इथं आडवं व्हायला परवानगी नाही." ती पडल्या पडल्या म्हणाली, "माहीत आहे बाबा. ती येईपर्यंत सराव करते."

त्यावर सगळे हसले. तोही हसला. मग तिने मला हाक मारली आणि सांगितले की मला इथे आणशील असे म्हण. मी हॅट काढली आणि तसे म्हणालो.

८. सध्या ती हॅडलीत तिचा चुलतभाऊ वेंडेल याच्या जागेत आहे. ती जागा त्याने स्वतःसाठी घेऊन ठेवली होती. मी अजून दगड बसवलेला नाही, कारण ती तिथे राहणार नाही. वेंडेल भला माणूस आहे. परवा चर्चबाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "घाई नाही हो, हार्लिस. पण माझीही तब्येत हल्ली बरी नसते." आपल्या उपसमितीच्या दिरंगाईमुळे आता त्या बिचाऱ्यालाही मरायला थांबावे लागत आहे.

९. आता मुद्द्याचे. सल्लागारांनी पत्रासोबत दफनाचे छापील नियम पाठवले आहेत. ते त्यांनी स्वतः वाचलेले दिसत नाहीत. त्यात म्हटले आहे की ज्याला दफनाचा हक्क मिळाला आहे त्याच्या जोडीदारालाही तिथे जागा मिळेल. जोडीदार आधी वारला की नंतर, याने फरक पडणार नाही.

ऑर्फा मेली म्हणून तिला हक्क मिळत नाही. मी मेलेलो नाही. तेव्हा विधेयक माझ्या नावाने मांडा. मी कॉगडिल नाही. धारेवर माझे कोणी नाही. माझे सगळे हॅडलीत आहेत आणि मला त्यांच्यात पडायला काहीच हरकत नव्हती. पण मी अर्ज करतो की हार्लिस लेडबेटर याला कॉगडिल धारेवर दफनाचा हक्क द्यावा. तो मिळाला की ऑर्फा माझी बायको म्हणून आपल्याच आईशेजारी जाईल. मला पायथ्याशी कुठेही टाका. न टाकलेत तरी चालेल.

१०. हे लवकर करावे. माझे हृदय चांगले नाही. मी गेलो की मीही आपल्या नियमात बसणार नाही, आणि मग कोणाच्या नावाने मागायचे ते सांगायला कोणी उरणार नाही. श्री. डेन्विल यांनी या वेळी हरकत घेतली तर त्यांनी वर प्रेक्षकांत माझ्याकडे बघून घ्यावी. मी पहिल्या रांगेत बसेन.

११. शेवटी एक गोष्ट आधीच कळवून ठेवतो, म्हणजे नंतर कळवली नाही असे होणार नाही. येत्या मे महिन्यात बोट निघेल तेव्हा मी कुदळ आणि फावडे घेऊन जाईन. त्यांना परवानगी आहे. ती अवजारे घेऊन आम्ही दर वर्षी जातो. या वेळी मी उंचवटे करून थांबणार नाही. आई आणि एव्हरीच्या मध्ये ऑर्फा जिथे आडवी झाली होती, तिथे मी खणीन. खड्डा किती खोल झाला तर गुन्हा होतो, हे नियमांत दिलेले नाही. मी शब्द दिलेला आहे आणि तो उन्हामुळे दिलेला नाही.

तो खड्डा तिच्यासाठी उघडा राहील. तो बुजवायला आपण माणूस पाठवलात तर मी त्याच्या अंगावर जाणार नाही, माझ्यात ते बळही नाही. त्याला एवढेच सांगून पाठवा की तिथे कितीही उकडले तरी हॅट काढू नकोस. काढलीस तर इथली माणसे ते खरे मानतात.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा,
हार्लिस लेडबेटर
हॅडली, २१ मार्च १९७७

सोबत :
१. १९ जानेवारी १९४३ च्या सहीच्या कागदाची आणि श्री. ओस्ट्रँडर यांच्या शपथपत्राची नक्कल. दोन्ही एकाच टाचणीने जोडली आहेत. टाचणी काढू नये.
२. अर्जदार जिवंत असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला. तो जुना झाला असे वाटल्यास कळवावे. जमेल तोवर नवा पाठवीन.