त्या दिवशी एकादशी नव्हती

रविवार, संध्याकाळ. द्वारका, दिल्ली.

गेल्या चैत्रात एका सकाळी पूजा आटोपून स्वयंपाकघरात गेलो, तर माझा क्यूबन जावई मिगेल काळा राजमा आणि भात शिजवत होता. मुक्ता म्हणाली, "बाबा, तुमच्यासाठी मांस न घालता केलंय." मी म्हणालो, "आज माझी एकादशी," आणि खोलीत जाऊन जप करत बसलो.

होती वद्य नवमी. खोटं बोलायचंच होतं, तर देवाला कशाला मध्ये घेतलं?

दोघं हवानाला परतली. मुक्ता फोन करते, पण "जेवलात का?" असं आता विचारत नाही.

त्या भाताची चव तरी कळावी म्हणून आज दिल्लीभर हिंडलो. एक क्यूबन रेस्टॉरंट कधीच बंद पडलेलं. दुसऱ्यात भिंतीवर जुन्या मोटारींची चित्रं आणि ताटात पनीर. राजमा-भात मागितला तर वेटर हसला, "अंकल, वो तो घर पे खाइए ना!"

घरीच तर होता. पातेलंभर.

परत येऊन मुक्ताला फोन केला आणि खरं सांगितलं.

"माहीत आहे बाबा. दिनदर्शिका तुमच्या मागेच टांगली होती."

"मिगेलला?"

"त्याला नाही सांगितलं. सासरे उपाशी म्हणून तोही दिवसभर जेवला नाही."

नवमीचा उपास, आणि तो त्याला घडवला मी.

मग मिगेलला फोनवर बोलावलं आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं.