फक्त सल्ल्यापुरता विमा

३ फेब्रुवारी, ग्योपिंगेन

आईला जाऊन पाच आठवडे. आज कोर्टाकडून मृत्युपत्राची प्रत आली. घर माझ्या मोठ्या बहिणीला, रोझविताला. मला कायद्याने द्यावाच लागतो तेवढा वाटा, तोही रोख. याच घराच्या वरच्या मजल्यावर मी चोवीस वर्षं राहतो आहे. ती सहा वर्षं रोज येऊन आईला आंघोळ घालायची, हे मान्य. पण ती यायची. मी राहायचो.

मी शांत आहे.

४ फेब्रुवारी

मृत्युपत्र पुन्हा वाचलं. अक्षर आईचंच. सही, तारीख आईचीच. मन मात्र रोझविताचं.

दुपारी तिचा फोन. म्हणाली, एकार्ट, तू राहतोस तसाच राहा, कागदबिगद काही नको, फक्त माझ्या अंगणातला बर्फ काढत जा. माझ्या! कबरीवरची माती अजून बसलेली नाही. मला उपकार नकोत, हक्क हवा.

७ फेब्रुवारी

एकोणीस वर्षं कोर्टखर्चाच्या विम्याचे हप्ते भरतोय. एकदाही वापरला नाही. शेजारचा झाउटर कुंपणापायी तीनदा कोर्टात गेला. असली माणसं विम्याच्या जिवावर भांडतात. मी तत्त्वासाठी भांडणार. पॉलिसीत स्वच्छ लिहिलंय: वारसाहक्क समाविष्ट. पुढचं बारीक टायपात आहे. चष्मा बदलायला हवा.

१४ फेब्रुवारी

वकीलबाईंकडे पाऊण तास. म्हणाल्या, मृत्युपत्र पक्कं आहे. राहायला मिळतंय तर गप्प राहा. सल्ल्याची फी विमा देईल, पण माझ्याकडून बहिणीला पत्र पाठवलंत तर काही सांगता येत नाही. शिकलेली माणसं फार घाबरट. पत्र पाठवायला लावलं. एकच. कडक.

२१ फेब्रुवारी

विमा एजंट हेगेले भेटला. वारशाच्या भांडणात विमा म्हणे फक्त सल्ल्यापुरता. वकिलाचं पत्र समोरच्याच्या हाती गेलं की सल्ल्याचेही पैसे मिळत नाहीत. मग एकोणीस वर्षं मी काय भरत होतो, असं विचारलं. तर म्हणतो, साहेब, भांडायचंच होतं तर गाडी कुठेतरी ठोकायचीत, तिथे आम्ही शेवटपर्यंत साथ देतो. आणि वर हसला.

निश्चय: रोझविताशी अवाक्षर बोलायचं नाही. पत्राचा परिणाम होऊ द्यायचा.

२ मार्च

परिणाम झाला. पत्र घेऊन रोझविता स्वतः वर आली. रडली नाही, म्हणजे आतून हादरली असणार. म्हणाली, मी आईची नखं कापत असताना तू जिन्यातून ओरडायचास, कॉफी झाली का म्हणून. तेव्हा कुठे होती तुझी वकीलबाई?

भावनेला हात घालण्याचा जुना डाव. मी दार लावून घेतलं. आता ती नमणार.

९ मार्च

तिच्या वकिलाचं पत्र. भाडं नाही, करार नाही, सबब हक्क नाही. तीन महिन्यांत वरचा मजला रिकामा करा.

१० मार्च, सकाळी ८

हेगेलेला फोन. घराच्या वादाचाही विमा ताबडतोब जोड म्हटलं. आनंदाने जोडतो म्हणाला. लागू मात्र तीन महिन्यांनी होईल, आणि आधीच पेटलेल्या भांडणाला तर नाहीच.

सकाळी ८.२०

मनाचा मोठेपणा दाखवून रोझविताला फोन केला. म्हटलं, सख्खी भावंडं आपण, दोघांतच मिटवू.

पेन आहे का जवळ, असं विचारलं तिने. आहे म्हटलं. तिने वकिलाचा नंबर सांगितला.

लिहून घेतला.