गोळीनंतरचा अर्धा तास

केशोरी

प्रिय रुख्माताईस धाकट्या नीतूचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील, भाऊजींचा खोकला गेला असेल, असं धरूनच पुढे लिहिते. फोनवर बोलताना सासूबाई कान देऊन असतात, म्हणून हा कागद.

ताई, माझी जाऊ दुर्गेश्वरी, तिलाही थायरॉइड निघालं. माझा आकडा आठ, तिचा बावीस! डॉक्टरांनी समजावलं होतं, की गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी अंगाची ऊब, हृदयाची चाल, पोट, केस, मन, सगळ्यांना चालतं ठेवते. ती सुस्तावली की मेंदूखालची ग्रंथी तिला हाका मारत सुटते, आणि रिपोर्टात त्या हाकाच मोजलेल्या असतात. (म्हणजे सासू-सून आतही आहेतच.) आकडा मोठा तेवढी आतली सून आळशी, हे मी घरी नीट सांगितलं. तर सासूबाई म्हणाल्या, "तुहं त आठच हाये, तिचं बावीस! तू कायले कन्हून राहिलीस?" शेजारच्या बकारामची बायको दुर्गेश्वरीला पपई देऊन गेली. मला आजवर कुणी पेरूही दिला नाही.

पण दुःख पपईचं नाही. गोळी उपाशीपोटी घ्यायची आणि अर्धा तास चहा नाही. (चुलीजवळही जायचं नाही असा घरात समज झाला, तो मी मोडला नाही.) तेवढा वेळ मी ओट्यावर बसायची आणि हे आपला चहा करून शेजारी येऊन बसायचे. बोलणं धानाचं, शेतातल्या बांधीतल्या पाण्याचं. एकदा म्हणाले, "तुहा आवाज घोगरा झाला, पन सकाळी गोड लागते." (घोगरेपणही थायरॉइडचंच.) भरल्या घरात नवरा इतका कधी भेटला नव्हता गं.

आता दुर्गेश्वरीही गोळी घेऊन तिथंच बसते. हे पडले तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. यांना पाहून ती पदर ओढून आखडते, तिला पाहून हे कप घेऊन थेट गोठ्यात. मी ओट्यावर, नवरा बैलांजवळ आणि मधे बावीस! परवा म्हटलं, "तू आत बस नं माय, थंडी लागंल." तर म्हणते, "तुमच्याजवळ बरं वाटते बाई. माहे केस गळून राहिले, कोनाले सांगू?" मग माझी अर्धी शाल तिच्या अंगावर टाकली. जळायचं आणि शालही द्यायची, असला हा आजार.

तुझी,
नीतू

ता. क. तुमच्या तिरोड्याच्या डॉक्टरांना विचार, ही गोळी रात्री झोपताना घेतलेली चालते का. चालत असेल तर दुर्गेश्वरीला तूच फोन करून सांग. मला मात्र चालत नाही, हेही सांग.

पुन्हा ता. क. आत्ताच हे गोठ्यातून येऊन हळूच विचारून गेले, "तुही गोळी बंद त नाही होनार नं?" जन्मभर घ्यावी लागेल म्हटलं. ताई, माझ्या आजारानं इतकं खूश झालेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.