चाळीस ओव्यांचा उशीर

सौभाग्यवतीस दूरदेशाहून सप्रेम आशीर्वाद.

आपली लेक सुखरूप आहे. नातही छान आहे. वजन थोडे कमी, म्हणून दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवली आहे, एवढेच. तुझा गुडघा कसा आहे?

एक गोष्ट फोनवर बोलवली नाही. गरोदरपणात लेकीचा रक्तदाब वाढता असल्याने डॉक्टरीणबाईंनी बजावले होते, "डोळ्यांपुढे काजवे चमकले तर लगेच या." परवा सकाळी मी पोथी वाचत असताना लेक म्हणाली, "बाबा, काजवे दिसताहेत." अध्याय मध्येच सोडू नये, म्हणून मी हातानेच थांब म्हटले. अर्थासह वाचायच्या चाळीस ओव्या उरल्या होत्या, म्हणजे तासभर. ती थांबली.

रुग्णालयात पोहोचेपर्यंत शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरले नव्हते. "वेळेत आला असता, तर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करता आला असता," बाई म्हणाल्या. "इतका उशीर का?" माझ्याकडे न पाहता लेक म्हणाली, "मला झोप लागली होती."

मी ते खोटे तसेच चालू दिले. पोटावरचे टाके तिने सोसायचे आणि खोटेही तिनेच बोलायचे.

आज बाई फेरीला आल्या की खरे सांगणार आहे. हे पत्र टपालात टाकूनच वर तिच्या खोलीत जाईन, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

तुझ्या क्षमेस अद्याप अपात्र,
तुझाच