ही फिर्याद आहे, अर्थ नव्हे

प्रिय बारक्या,

पाकीट पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. रोज फोनवर बडबडणारी बहीण एकदम पत्र काय लिहायला लागली, असं तुझ्या मनात येणारच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून. खांद्याचं नाव काढलं रे काढलं की तुझी भट्टी जास्त तापते, दारात गिऱ्हाईक येतं, परातीतलं पीठ फुगून बाहेर येतं आणि फोन बंद! पत्राला असं मधेच तोडता येत नाही. फाडून टाकता येतं, पण ते तुझ्याच्यानं होणार नाही. लहानपणापासून दुसऱ्याची पत्रंसुद्धा चोरून वाचायची खोड तुला, हे तर तुझं स्वतःचं आहे.

तुझ्या बायकोनं मला सगळं सांगितलंय. तिच्यावर डाफरू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. तू खुर्चीत बसून झोपतोस, पावाचे ट्रे डाव्या हातानं भट्टीत सरकवतोस आणि सदऱ्याची बटणं ती लावून देते. खांद्यातली स्नायूची दोरी हाडापासून सुटलीय. आता शिवली नाही तर ती आखडेल आणि मग शिवायचं म्हटलं तरी पुरणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तुला चित्र काढून समजावलं. ते तू शहाण्यासारखं ऐकलंस. मग ऑपरेशननंतर दुखेल त्यावर कुठल्या गोळ्या देणार, ते विचारलंस, आणि नाव ऐकल्यावर म्हणालास, त्यातली एकही नको. बाईंनी परोपरीनं सांगितलं की टाके पडल्यावर हात हलवायचा व्यायाम करावाच लागतो, तो बिनऔषधाचा सोसवत नाही, आणि व्यायाम केला नाही तर खांदा कायमचा धरून बसतो. त्यावर तू, मग ऑपरेशनच नको, असं म्हणून उठून आलास. का नको, ते सांगितलं नाहीस. जगाला मात्र सांगत सुटलायस की मला सुरीची भीती वाटते. तू आणि सुरीला भ्यायचास? अरे, निदान पटेल अशी तरी थाप मारायचीस.

खरं कारण तुझ्या बायकोला ठाऊक आहे आणि मला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, आणि तुझं तर नुसतं तोंड पोळलं नव्हतं. तेव्हाही सुरुवात अशीच झाली होती. तू रंगारी होतास, शिडीवरून पडलास, पाय मोडला आणि एका भल्या डॉक्टरनं दुखू नये म्हणून गोळ्या लिहून दिल्या. पाय जुळला, गोळ्या सुटल्या नाहीत. पुढे काय काय झालं ते मी इथे लिहीत नाही, दोघांनाही पाठ आहे. शिडी गेली, ब्रश गेले, आणि एक दिवस तू स्वतःच्या पायानं गोळ्या सोडवणाऱ्या त्या उपचारांच्या घरात जाऊन बसलास. ते 'स्वतःच्या पायानं' मी आजवर कधी तुझ्यापाशी काढलं नाही. कुणी तुला ओढत नेलं नव्हतं. मी दाराशी उभी होते, आणि तू मागं वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. तेव्हा मला राग आला होता. आता कळतं, वळला असतास तर परत आला असतास.

असो. आता माझ्या कामाची बातमी ऐक. ती वेगळी नाहीये, ह्याच रडगाण्यातली आहे, पण सावकाश ऐक. इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत देणारा आमचा तो जाडजूड कोश अजून संपायचं नाव घेत नाही. सध्या 'एस' अक्षरात अडकलोय. आमच्या मोठ्या बाईंचा नियम तुला माहीतच आहे. कुठलाही अर्थ पक्का करायच्या आधी तो कार्यालयाबाहेरच्या माणसाला वाचून दाखवायचा आणि त्यानं त्या शब्दाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक वाक्य करायचं. वाक्य जमलं तर अर्थ पास. आम्ही त्याला 'बाहेरचा कान' म्हणतो. इतकी वर्षं माझा बाहेरचा कान तूच. तू कणीक मळत असायचास आणि मी पिठाच्या पोत्यावर बसून वाचायची. 'उदासीन' असा अर्थ वाचल्यावर तू म्हणाला होतास, आमचं मांजर दूध सोडून बाकी सगळ्याबाबत उदासीन आहे. मोठ्या बाई खुर्चीतून पडायच्या बाकी होत्या. तुझी वाक्यं ऐकायला त्या हातातलं काम ठेवून येतात, हे मी तुला मुद्दामच सांगितलं नव्हतं. आधीच तुझ्या डोक्यात हवा कमी आहे का!

तर ह्या खेपेला माझ्या वाट्याला एक शब्द आला, 'स्टुपिफेशंट'. इंग्रजांच्या देशातही तो फारसा कुणाच्या तोंडात नसतो. अंमली पदार्थांना, गुंगीच्या औषधांना असलेलं हे एक अडगळीतलं नाव. चिठ्ठी हातात घेतली आणि माझं जे डोकं फिरलं, ते फिरलंच. एरवी एका अर्थावर मी आठवडा घालवते. हा मी एका दमात लिहिला: 'नशा आणून माणसाला कामातून आणि घरातून उठवणारा, घरच्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा पदार्थ.' वर पूर्णविराम असा दाबला की कागदाला भोक पडलं. मोठ्या बाईंनी चष्मा वर केला, वाचलं, परत वाचलं आणि चिठ्ठी माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, बाई, ही फिर्याद आहे, अर्थ नव्हे. पुन्हा करा.

मला इतकी लाज वाटली! एवढी वर्षं शब्दांत गेली आणि नवशिक्यासारखी घोडचूक. पण बारक्या, तिथूनच सगळं सुरू झालं. मी तो शब्द सोलायला बसले. तो लॅटिनमधून आलाय, त्याचे दोन तुकडे पडतात. पहिल्याचा अर्थ सुन्न होणं, थिजणं, थक्क होणं. दुसऱ्याचा अर्थ करणं. म्हणजे सुन्न करणारं. संपलं! त्यात घर नाही, चोरी नाही, पाप नाही, तू नाहीस आणि मीही नाही. जुन्या वैद्यांच्या पुस्तकांत तो, रोग्याला कळ लागू नये म्हणून द्यायच्या औषधांसाठी दिसतो. बिचाऱ्या शब्दाला एवढंच सांगायचंय की हे घेतलं की माणूस सुन्न होतो. कुणाला द्यायचं, किती द्यायचं, कधी थांबायचं, ते सगळं माणसांनी बघायचं. आपला तो भला डॉक्टर आणि आपण सगळेच ते बघायला विसरलो. शब्दाच्या गळ्यात कशाला बांधायचं?

आणि त्याचं गणगोत ऐक, तुला मजा वाटेल. 'स्टुपिड' हा ह्याच कुळातला. म्हणजे सुन्न डोक्याचा, मठ्ठ. आणि 'स्टुपेंडस' हाही ह्याच कुळातला. म्हणजे पाहणारा थक्क होऊन जागीच थिजेल असा, अचाट. एका घरात एक भाऊ मठ्ठ आणि एक अचाट निघाला. आपल्या घरात देवानं दोन्ही एकाच पोरात घालून काटकसर केली.

हसलास ना? मग आता पुढचं ऐकून घे. नवा अर्थ लिहिला: 'संवेदना बधिर करून गुंगी आणणारे औषध किंवा पदार्थ.' मोठ्या बाईंनी मान डोलावली, आता बाहेरचा कान, म्हणाल्या. माझी पावलं बेकरीकडे वळेनात. हा शब्द तुला कसा वाचून दाखवू? म्हणून खाली उतरले आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याला वाचून दाखवला. भला माणूस आहे, तोंडातल्या टाचण्या काढून त्यानं मन लावून ऐकलं. मग म्हणाला, समजलं, आणि वाक्य केलं की ह्या औषधाच्या नादी लागलेला माणूस पुन्हा कधी माणसात येत नाही. वाक्य बरोबर होतं, शब्द चपखल बसला होता. अर्थ पास. मी जिना चढले आणि वर जाऊन पाण्याचा अख्खा तांब्या संपवला. त्याचं वाक्य खोटं आहे, हे मला माहीत होतं. रोज सकाळी त्याच्या दुकानात जो पाव जातो, तो ह्या वाक्याला खोटं पाडणाऱ्या माणसाच्या हातचा आहे. आणि हे मी तिथे बोलले नाही, कारण तू ते कुणाला सांगत नाहीस आणि मला वाटलं, न सांगण्यातच तुझी अब्रू आहे.

त्या दिवसापासून तू माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीस. तू त्या उपचारांच्या घरातून बाहेर आलास तेव्हाचे तुझे हात आठवतात. कप धरला तर निम्मा चहा बशीत. बेकरीचे म्हातारे मालक म्हणाले, थरथरतायत तर थरथरू देत, कणकेला काही फरक पडत नाही, आणि तुला परातीपुढे उभं केलं. तू मळत राहिलास. घामानं भिजायचास, मधेच मागच्या अंगणात जाऊन ओकायचास, तोंड धुऊन परत मळायचास. तुझी दाढ काढली तेव्हा गाल भोपळ्याएवढा झाला होता, पण साध्या गोळीचंही पाकीट तू तीनतीनदा वाचलंस. खोकल्याच्या औषधाची बाटली तू उन्हात धरून तिच्यावरची बारीक अक्षरं अशी वाचतोस की आमच्या कार्यालयात नोकरी द्यावी! आणि दर आठवड्याला गरम पावांची पिशवी घेऊन त्याच उपचारांच्या घरात जातोस, नव्यानं आलेल्यांच्या शेजारी बसतोस. उपदेश करत नाहीस. त्यांच्या कपातला चहा सांडला तर पुसतोस. तुझी बायको सांगत होती, एकदा एक जण तुझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला आणि तो उठेपर्यंत तू हललाही नाहीस. माझ्या ओळखीत पुष्कळ शिकलेसवरलेले आहेत, भाषणं देणारे आहेत. तुझ्याएवढं छातीचं माणूस मी पाहिलेलं नाही. हे तोंडावर सांगितलं तर तू, 'ताई, पुरे,' म्हणून पीठ चाळायला लागशील. म्हणून कागदावर सांगतेय. मला तुझा अभिमान वाटतो रे.

आता मी हे सगळं का लिहिलं ते सांगते. आधी कुठेतरी टेकून बस. परवा मी तुला न विचारता तुझ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. शिडीपासून पावांच्या पिशवीपर्यंत. तुझं गुपित होतं, माझं नव्हतं, मला अधिकार नव्हता, सगळं कबूल. त्या बाईंना वाटत होतं की तू एक हट्टी, डोकं फिरलेला पाववाला आहेस. तुझा हात त्या समजुतीपायी जाताना मला बघवेना. जाताना वाटलं होतं, मान खाली घालून हळूच सांगावं लागेल. पण बारक्या, मी तर तिथे फुशारकी मारत बसले! बाहेर रोगी ताटकळत होते आणि मी आपली, माझा भाऊ असा आणि माझा भाऊ तसा. बाईंनी मला थांबवलं नाही. मग म्हणाल्या, हे आधी कळलं असतं तर मी सगळं निराळं ठरवलं असतं. मानेजवळ एक इंजेक्शन देऊन तुझा तेवढा हातच बधिर करता येतो, पहिला सगळ्यात वाईट दिवस त्यात निघून जातो. पुढे साधी औषधं आणि बर्फ. कडक गोळी अगदीच लागली तर थोडेच दिवस, तीही आधी त्यांना फोन करून, आणि गोळ्या तुझ्याकडे राहणार नाहीत, माझ्याकडे राहतील. मी रजा टाकलीय, तुझ्या घरी येऊन राहतेय, माझ्या हातानं देईन आणि माझ्या हातानं बंद करेन. तू दाराआड काकुळतीला आलास तरी मी विरघळणार नाही, कसली खाष्ट आहे ते तुला माहीत आहे. घेणं न घेणं तुझ्या हातात, त्यात बाई किंवा मी जबरदस्ती करणार नाही. त्यांनी गुरुवारची तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. तू चिडशील, आणि तुझं बरोबरच असेल. पण सगळं ओरडणं गुरुवारच्या पुढे ढकल. ऑपरेशन झाल्यावर उशाशी बसलेली असेन, तेव्हा पोटभर ओरड. तुझा उजवा हात झोळीत असेल, त्यामुळे मला मारताही येणार नाही. ये रे बाबा.

तुझीच, आगाऊ आणि तरीही थोरली,
ताई